१७ हजार डॉलर आणि चेंडूंचा हौद

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये जुलै २०१४ मध्ये ‘डॅशकॉन’ भरलं. टम्बलर या समाजमाध्यमावरच्या चाहत्यांचा हा मेळावा. टम्बलर कंपनीचा मात्र त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पहिल्याच रात्री आयोजकांनी जाहीर केलं, हॉटेलला आत्ताच्या आत्ता १७ हजार डॉलर (तेव्हाचे सुमारे १० लाख रुपये) हवेत, नाहीतर गाशा गुंडाळावा लागेल. तिकीट काढून आलेल्या पोरांनी पुन्हा खिशात हात घातला. कुणी ‘हंगर गेम्स’ चित्रपटांमधल्यासारखी तीन बोटं उंचावली, कुणी गाणी म्हटली. काही तासांत रक्कम उभी! हिशेब मागण्यापेक्षा भारावून जाणं सोपं असतं.

पुढे ‘वेलकम टू नाइट व्हेल’ पॉडकास्टचे कलाकार मानधनाच्या घोळामुळे कार्यक्रम न करताच परतले. राखीव आसनांचे पैसे भरलेल्यांना भरपाई काय, तर चेंडूंच्या हौदात एक तास जादा. हौद म्हणजे ओक्याबोक्या दालनात मधोमध ठेवलेला, हवा भरून फुगवलेला लहान मुलांचा टब. त्यात थोडे प्लास्टिकचे चेंडू.

चाहतेही धुतल्या तांदळासारखे नसतात. २०१० मध्ये सॅन दिएगो कॉमिक-कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात खुर्चीवरून वाद होऊन एकाने शेजाऱ्याच्या डोळ्याजवळ पेन खुपसलं. २०१४ पासून न्यूयॉर्क कॉमिक-कॉनला, आवडत्या पात्राची वेशभूषा केली म्हणजे अंगाला हात लावायची परवानगी नव्हे, असे फलक लावावे लागले.

म्हणून अशा मेळाव्याचं तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी तपासा: पाहुण्यांनी स्वतः येण्याचं जाहीर केलं आहे का, आणि कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याची अट काय आहे.