घरांतल्या मऊ सपाता

घरांत पादत्राण घालून वावरणें आमच्या लहानपणीं अशिष्टपणाचें समजत. वरणगांवच्या घरांतून तेव्हां शेणानें सारवलेली जमीन असे. ती पायांना कधीं बोचली नाहीं. पुढें शहाबादी फरशी आली, मग गुळगुळीत लाद्या आल्या, आणि टांच दुखते हें घरोघरचें गाऱ्हाणें होऊन बसलें.

त्यावर उतारा म्हणून ‘मेमरी फोम’च्या सपाता हल्लीं सर्रास विकत मिळतात. हा पदार्थ १९६६ सालीं अमेरिकेंतील ‘नासा’ संस्थेसाठीं, विमानांतील आसनांकरितां, चार्ल्स योस्ट यांनीं तयार केला. साधा स्पंज दाबून सोडतांच उसळतो. हा कांहीं सेकंद घेऊन सावकाश वर येतो. शिवाय अंगाच्या उबेनें नरम होऊन तो पावलाचा ठसा घेतो. त्यामुळें भार एकट्या टांचेवर न पडतां तळव्यावर पसरतो. सुख वाटतें तें यामुळें.

परंतु उबेनें नरम होणारी वस्तु, आणि आमच्या खानदेशांत वैशाखाचा पारा ४५ अंशांपर्यंत चढणारा! मीं पहिली जोडी पौषांत घेतली, आणि हाताला सर्वांत मऊ लागली तीच उचलली. थंडींत जी इतकी मऊ, तिची उन्हाळ्यांत काय गत होईल, हा विचार सुचला नाहीं. वैशाखांत तिनें मान टाकली. टांच थेट खालच्या तळाला टेकूं लागली.

तेव्हां अंगठा जोरानें रोवून पाहावा. खालचा कठीण तळ लागल्यास ती जोडी ठेवून द्यावी. फोमचा थर जाड असण्यापेक्षां घट्ट असलेला बरा. खरेदी संध्याकाळीं करावी, कारण दिवसभरांत पावलें किंचित् सुजतात. बसून नव्हे, उभें राहून, चार पावलें चालून पाहावें. टांच मागें लोंबतां कामा नये. तळ खांचेदार रबराचा हवा, नाहींतर मोरीपाशीं ओल्या लादीवर घात ठरलेला. रंगाचा विचार सर्वांत शेवटीं.

मधुमेहानें ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांनीं मात्र ‘मऊ लागतें’ या साक्षीवर मुळींच विसंबूं नये. त्यांच्यासाठीं ‘एम. सी. आर.’ नांवाच्या बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला असतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें, मापानें घ्याव्या. माझ्या वडील बंधूंच्या मऊ सपातेंतून बाभळीचा कांटा आरपार गेला. ते दिवसभर त्याच सपातेनें घरांत फिरत होते. लादीवर रक्ताचे ठिपके सुनेला दिसले, तेव्हां घरांत कळलें. त्यांना स्वतःला तोंवर कांहींच कळलें नव्हतें. जखम भरावयास दोन महिने लागले. आतां रोज रात्रीं नातू आजोबांचे तळवे दिव्याखालीं पाहतो, आणि सपाता उलट्या करून त्यांच्या तळावरून हात फिरवितो.