काळी चारचा तंबोरा

सकाळी साडेसात

कामठीहून मिरज म्हणजे राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला. नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून दुसऱ्या दिवशी मिरज येतं. आदल्या दिवशी पोहोचून मी आणि माझा भाचा स्टेशनजवळच मुक्कामाला होतो. आज दिवसभर एकच काम. बऱ्याच महिन्यांपूर्वी सांगून ठेवलेला तंबोरा कारागिराच्या शेजारी बसून माझ्या आवाजाला लावून घ्यायचा आणि घेऊन निघायचं.

कामठीत मी गाण्याचा वर्ग घेते. मुली मोबाइलमधला तंबोरा लावून रियाज करतात. सोय मोठी आहे आणि सूरही पक्का असतो. पण तो कुणाच्या तरी दुसऱ्या तंबोऱ्याचा, एकदा मुद्रित झालेला नाद आहे, दर वेळी तसाच. मुलींनी स्वतः खुंटी पिळावी, तारेवरचा मणी सरकवावा, सूर चढला की उतरला हे आपल्या कानांनी ठरवावं, यासाठी वर्गात खरा तंबोरा हवा होता. नागपूरच्या दुकानांत तयार तंबोरे मिळतात, पण ते कुणा एकाच्या गळ्यासाठी केलेले नसतात. म्हणून मिरज. शिवाय माझ्या मुली ज्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, त्या मंडळाचं मुख्यालयही याच गावात आहे.

साडेआठ

सतारमेकर गल्लीत दुकानांच्या फळ्या निघू लागल्या होत्या. दुकान म्हणजे पुढे बैठक, मागे कारखाना आणि वर माळा. माळ्यावर कडू भोपळे टांगलेले, काही मडक्याएवढे, काही दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाहीत असे. तंबोरा करणाऱ्या चाचांनी आम्हाला चहा दिला आणि पहिली गोष्ट दाखवली ती तंबोरा नव्हे, भोपळा.

हे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. वेलावर पूर्ण जून झालेला, नीट वाळलेला भोपळाच कामाचा. कोवळा तोडला तर आकसतो. विकत घेतल्यावरही तो लगेच वापरत नाहीत, माळ्यावर मुरू देतात. मग पाण्यात भिजवून नरम करायचा, कापायचा, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या आणि आत काटक्यांचा आधार देऊन हवा तो घेर धरून पुन्हा वाळवायचा.

चाचांनी एक भोपळा उचलून बोटाच्या पेरानं वाजवला, मग दुसरा. पहिला ठणठणीत बोलला, दुसरा जरा दबलेला. "हा दिसायला देखणा हाय बघा ताई, पण ह्याच्यात जीव न्हाई. ह्याचं शोभेचं काहीतरी करू," म्हणाले. माझ्या तंबोऱ्याचा भोपळा त्यांनी असाच निवडला होता.

दहा

मिरजेत ही कला आली कशी, ते इथला प्रत्येक कारागीर सांगतो आणि सांगताना त्याची छाती भरून येते. साधारण १८५० च्या सुमारास, पटवर्धनांच्या संस्थानी काळात, फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानं इथे सतारी-तंबोरे करायला सुरुवात केली. घराणं शिकलगारांचं, तलवारींना पाणी देणारं. युद्धं थांबली, हत्यारांची मागणी गेली, आणि तेच बारीक हाताचं कसब लाकडाकडे वळलं. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेल्यावर त्यांचं दफनही मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात झालं. तिथे त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं. तंबोऱ्याच्या जुळणीबद्दल खाँसाहेबांचा कान किती कडक होता, याच्या आठवणी या गल्लीत वडिलांकडून मुलाकडे येतात. वाद्य करणारे आणि ते पारखणारे एकाच गावात राहिले, हे मिरजेचं भाग्य आणि त्या वाद्यांचंही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते उशिराच.

अकरा

मागच्या खोलीत तबलीचं काम चालू होतं. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणारी लाकडी फळी. तिच्यावर घोडी बसते आणि तारांचं कंपन तिच्यातूनच भोपळ्यात उतरतं. लाकूड तुणीचं, ज्याला बाजारात लाल सीडर म्हणतात. चाचांचा मुलगा पटाशीनं तबली आतून उतरवत होता. थोडं तासायचं, उचलायची, टिचकी मारायची, पुन्हा थोडं तासायचं. मापाची पट्टी शेजारी पडली होती, पण तिला त्याचा हात लागला नाही. तबली जाड राहिली तर आवाज कोंडतो आणि फार पातळ झाली तर काही वर्षांत घोडीखाली बसते. या दोन्हींच्या मधली जागा त्याला टिचकीतून कळते.

भाचा गिटार वाजवतो. त्यानं विचारलं, गिटारलाही वरचीच फळी महत्त्वाची असते ना? अगदी तसंच आहे. स्पेनचे अंतोनियो दे तोरेस हे आजच्या गिटारचे जनक मानले जातात. त्यांनी १८६२ मध्ये एक गिटार केली. तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या आणि वरची फळी तेवढी उत्तम लाकडाची. आवाज कशातून येतो, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. भाच्यानं ही गोष्ट चाचांना सांगितली. चाचा म्हणाले, "बरोबर बोलला त्यो माणूस. पण आमचा भोपळा कागदाचा न्हाई चालायचा." मग त्यांनी एका वाद्याच्या भोपळ्यावर तळवा ठेवून दुसऱ्या हातानं तार छेडली आणि भाच्याचा हात तिथे ठेवायला सांगितला. भोपळ्यातली थरथर हाताला स्पष्ट लागत होती.

साडेबारा

कामठीच्या उन्हाबद्दल मला सविस्तर बोलायचं होतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि हवेत ओलावा नावाला राहत नाही. मग जूनच्या अखेरीस पाऊस आला की तीच हवा ओलीचिंब. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, जोड उकलतात, खुंट्या सैल पडून तार धरत नाहीत. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अडकून बसतात. त्यात घरोघरी कूलर. दिवसभर ओला वारा, बंद केला की पुन्हा कोरडा.

चाचांनी हे सगळं ऐकून घेतलं. विदर्भातली वाद्यं दुरुस्तीला येतात, त्यामुळे त्यांना याची कल्पना होती. माझ्या तंबोऱ्याचं लाकूड त्यांनी जास्त काळ मुरवलेलं वापरलं होतं आणि गळ्याचा जोड सरसानं चिकटवून सुतळीनं आवळून नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवला होता. बाकी सांभाळणं माझ्याकडे. कूलरचा झोत वाद्यावर येऊ द्यायचा नाही, बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही, गवसणीशिवाय ठेवायचं नाही. उन्हाळ्यात वर्ग बंद असेल तर तारा थोड्या उतरवून ठेवायच्या. खुंटी सरकत असेल तर खडू लावायचा, ठोकायची नाही. आडवा ठेवताना भोपळ्याखाली चुंबळ.

हे कुठल्या तयार वाद्याच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं. आपल्या गावची हवा कारागिराला सांगणं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी आहे, आणि ती समोर बसूनच नीट पार पडते.

दीड

नमाज आणि जेवण. गल्ली तासभर शांत.

अडीच

पॉलिशवाल्यानं चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवली होती. कापसाची पुरचुंडी भिजवून तो दांडीवर लांब हात मारत होता. एक थर वाळला की दुसरा. लाख म्हटल्यावर मला गोंदियाकडची पळसाची जंगलं आठवली, तिथल्या झाडांवर लाख होते. नक्षीकामाला एके काळी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. त्यावर बंदी आल्यावर हाडाचं किंवा प्लॅस्टिकचं काम आलं. मी नक्षी कमीत कमी सांगितली होती. तेवढे पैसे लाकडात आणि जवारीत, म्हणजे घोडी घासून नाद उघडण्याच्या कामात, जावेत, हे माझं स्पष्ट म्हणणं होतं.

साडेतीन

दिवसाचं खरं काम आता सुरू झालं.

माझा तंबोरा चाचांनी समोर आडवा घेतला. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. बायकांच्या तंबोऱ्याला पहिल्या तीन पोलादी आणि खर्ज पितळेचा. पुरुषी तंबोऱ्यात पंचमही पितळेचा असतो. "गा," म्हणाले. मी काळी चारचा षड्ज लावला. त्यांनी जोड त्या सुरात आणला आणि पेटीकडे पाहिलंही नाही.

जवारी म्हणजे घोडीच्या पाठीला दिलेला अत्यंत सौम्य उतार. तार घोडीवरून नुसती जात नाही, कंप पावताना त्या उतारावर किंचित घासत राहते. त्या घासण्यातूनच तंबोऱ्याचा तो पसरत जाणारा, सुरात सूर उमलवणारा नाद होतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की आवाज उघडतो किंवा मिटतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या आपल्या निबंधात याच गोष्टीचा विचार केला आहे. साध्या तारेला जिथे छेडावं तिथे ज्या उपस्वरांची स्थिर जागा येते, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत असा नियम आहे. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात, आणि याचं कारण ही घोडी. हेच रामन १९१० मध्ये सरकारी नोकरीत आमच्या नागपुरात होते.

चाचांनी दोरा काढला, तार बाजूला केली, बारीक कानस घोडीवरून फिरवली. दोन हात, तिसरा नाही. बोटानं धूळ पुसली, तार बसवली, दोरा सरकवला, छेडली. मान हलवली. पुन्हा तार बाजूला. हे प्रत्येक तारेसाठी वेगळं करायचं असतं, आणि एका तारेसाठी घासलं की शेजारचीचा आवाज बदलतो. कानस जास्त फिरली तर परत घालता येत नाही, सगळी पाठ नव्यानं सपाट करून पहिल्यापासून सुरुवात.

मध्ये त्यांनी मला विचारलं, "खुली पायजे का बंद?" खुली जवारी झणझणीत बोलते, मैफिलीत मागेपर्यंत पोहोचते. बंद जवारीचा आवाज आत राहतो. मला वर्गासाठी हवा होता, जवळ बसलेल्या मुलीचा आवाज न झाकणारा, तरी भरलेला. अशा आवाजाच्या जवारीला ते गोल जवारी म्हणाले.

साडेपाच

जोडाच्या तारा जुळल्या होत्या, पंचम लागला होता, खर्ज मात्र चाचांच्या मनाला येत नव्हता. मला तो चांगला वाटत होता. भाच्यालाही. मी "झालं की," म्हणणार, तेवढ्यात त्यांनी घोडी किंचित, अगदी नखाएवढी, सरकवली आणि पॉलिश पेपरचा तुकडा तारेखालून एकदाच ओढला. मग छेडलं.

खर्जातून गंधार वर आला. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. तरी खर्ज नीट लागला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. मी वर्गात मुलींना त्याबद्दल सांगत आले, मोबाइलवर "ऐका, ऐका" म्हणत आले. आज तो खोलीभर होता आणि भाच्यानंही न सांगता ओळखला. चाचांनी पहिल्यांदा कानस खाली ठेवली.

मी यमनची आलापी सुरू केली. ते डोळे मिटून ऐकत होते, पण लक्ष तंबोऱ्याकडे. माझ्या वरच्या षड्जाशी जोडाची एक तार जराशी भांडत होती. ती त्यांनी मणी सरकवून मिटवली. दोन तास जिला लागले ती गोष्ट घोडीच्या बोटभर रुंदीत होती. तंबोऱ्याची किंमत लोक लाकडावर आणि नक्षीवर लावतात. माझ्या मते ती या दोन तासांची असते, आणि या दोन तासांत जे कान काम करतात त्यांना तयार व्हायला लागलेल्या वर्षांची.

सात

तारा सैल करून, घोडीखाली कापड घालून, गवसणी चढवून वाद्य बांधलं. परदेशी जाणारे तंबोरे लाकडी पेटीत जातात. आमचा आमच्यासोबत बर्थवर जाणार होता. अर्धे पैसे सांगतानाच दिले होते, उरलेले मोजून दिले. चाचांनी जुन्या दोऱ्याची एक गुंडी जास्तीची दिली आणि सांगितलं, सहा महिने रोज वाजवा, घोडीवर तारेच्या खुणा पडतील, तेव्हा जवारी उतरेल. मग एकदा घेऊन या, पुन्हा काढून देतो.

ज्यांना तंबोरा घ्यायचा आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. वाद्य मागवू नका, आणायला जा. आधी आपली पट्टी, आपल्या गावची हवा आणि वाद्य कुठे वाजणार आहे ते कारागिराला कळवा, आणि त्याला हवा तेवढा वेळ द्या. पैशांची घासाघीस करून जवारीचे तास कमी करून घेऊ नका. आणि जवारी काढताना शेजारी बसून आपल्या सुरात गा, कारण तुमच्या गळ्याशिवाय ते काम त्यालाही पूर्ण करता येत नाही.