खेळणारे हात, खेळ घडविणारे हात

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातील तक्रारींचे स्वरूप पालटते. जुलाब, कावीळ, घामोळे यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक तक्रार हमखास असते, "डॉक्टर, हा खेळ सोडतच नाही हो!" जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला. त्या वर्गीकरणास मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. मात्र त्याचे निकष कडक आहेत. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रक्रम देणे, नुकसान होऊनही खेळत राहणे आणि हे सारे साधारणपणे बारा महिने टिकणे. आपल्याकडे येणारी बहुतेक मुले या व्याख्येत बसत नाहीत. त्यांना औषध नको असते आणि नुसती बंदीही फार दिवस टिकत नाही.

याच विचारातून, इंदूरच्या आमच्या मंडळाच्या उन्हाळी शिबिरात मुलांना स्वतःचा संगणक-खेळ रचावयास शिकवावे, अशी सूचना मी मांडली. "अहो, हे आगीतून फुफाट्यात!" असे एका ज्येष्ठ मित्राने बजावले. शंका रास्त होती. म्हणून आम्ही दहा दिवस, रोज दोनच तास ठरविले आणि त्यांतील पहिला अर्धा तास संगणकाविना ठेवला.

त्या अर्ध्या तासात मुले लगोरी आणि सापशिडी खेळत. अट एकच होती, रोज एक नियम बदलावयाचा. सापशिडीतील साप दुप्पट केले तर काय होते? लगोरी पाचच दगडांची केली तर? खेळ म्हणजे नियमांची रचना आहे आणि नियम हलविला की खेळणाऱ्याचे मन हलते, हे मुलांना न सांगता उमगले.

पुढे संगणकावर आम्ही ‘स्क्रॅच’ वापरले. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते विकसित केले आणि २००७ मध्ये सर्वांस मोफत खुले केले. त्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवावे लागतात. या विचाराचे मूळ मात्र १९६७ च्या ‘लोगो’ या मुलांसाठीच्या संगणकभाषेत आहे. तिचे एक जनक सेमूर पॅपर्ट हे जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्यासमवेत काम केलेले गणितज्ञ. बालकाच्या बौद्धिक विकासाच्या संदर्भात पियाजे यांचे नाव आपण सर्वांनीच अभ्यासले आहे. मूल स्वतः काही घडविताना उत्तम शिकते, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता.

त्याचा प्रत्यय लवकरच आला. स्क्रॅचच्या पडद्यावर मधोमध शून्य असते. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत, वर १८० आणि खाली उणे १८०. शाळेत ऋण संख्यांना बिचकणारी एक मुलगी मांजराला डावीकडे पळविण्यासाठी त्या बिनदिक्कत वापरू लागली. दोघा मुलांनी सराफ्यातील जिलेब्या ताटात झेलण्याचा खेळ रचला. एक जिलेबी पडली की एक गुण मिळावयाचा, प्रत्यक्षात गुण धडाधड वाढत सुटले. जिलेबी ताटाला टेकून असेपर्यंत संगणक प्रत्येक फेरीत नवा गुण मोजत होता. आम्ही उत्तर सांगितले नाही. एका वेळी एकच बदल करा आणि परिणाम पाहा, एवढेच म्हटले. चार औषधे एकदम बदलली तर गुण कशाचा आला ते कळत नाही, हे आपण जाणतोच. अखेर टेकताक्षणी जिलेबी पुन्हा वर पाठवावी, हे त्यांनीच शोधून काढले.

शिबिरातील सर्वांत मोलाचा क्षण आठव्या दिवशी आला. त्यांतील बारा वर्षांच्या मुलाने खेळात अधूनमधून, कोणताही नेम न ठेवता, सोन्याची जिलेबी पाडावयास सुरुवात केली. मित्र संगणकापुढून उठेनात. तो थोडा वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, "काका, मोबाईलवाले पण आपल्याला असंच बसवून ठेवतात का?"

बक्षिसाचा नेम नसला की प्राणी कळ अधिक चिकाटीने दाबत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या मध्यासच दिसून आले होते. हे सूत्र मी पालकांना अनेकदा समजावले आहे. त्या मुलाने ते स्वतःच्या हाताने मांडून पाहिले. ज्या दोरीने आपण ओढले जातो ती दोरी एकदा स्वतः वळली की तिची गाठही दिसू लागते.

दहा दिवसांत व्यसन सुटते, असा माझा दावा नाही. ज्या मुलाची झोप, शाळा आणि जेवण खेळापायी कोलमडले आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्यावे. परंतु उरलेल्या असंख्य मुलांसाठी ‘बंद कर’ या दोन शब्दांपलीकडे आपणापाशी काही असावयास हवे. "तू काय खेळतोस?" याऐवजी "हा खेळ तू कसा रचला असतास?" असे विचारून पाहावे. मुले बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

पुढील उन्हाळ्यात हे शिबिर पुन्हा भरविण्याचा मानस आहे. संगणकाचे ज्ञान नसलेल्या सभासदांनीही दोन तास द्यावेत. लगोरीचे नियम तर आपणा सर्वांस ठाऊक आहेतच!