नाण्याचे यंत्र काय लक्षात ठेवते?

मोठ्या रेल्वे स्टेशनांवर पूर्वी वजनाचे जे यंत्र असे, ते आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. फळीवर उभे राहावयाचे, रंगीत दिव्यांमधली चकती फिरावयाची थांबेपर्यंत धीर धरावयाचा, आणि मग खाचेत नाणे टाकावयाचे. घाई करून आधीच नाणे टाकले, तर तिकिटावरच्या आकड्याचा भरवसा नसे. नाणे तेच, माणूस तोच. मग फरक कशाने पडला? नाणे पडले तेव्हा यंत्र कोणत्या अवस्थेत होते, याने.

नाणे घेऊन वस्तू देणारे यंत्र ही कल्पना फार जुनी. अलेक्झांड्रियाच्या हेरोनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात देवळात तीर्थ देणाऱ्या यंत्राचे वर्णन केले आहे. नाणे तरफेवर पडावे, भाराने झडप उघडावी, नाणे घसरून गेले की झडप मिटावी. त्याला हिशेब ठेवण्याचे कारणच नव्हते.

आता समजा, पारशिवनीच्या बसथांब्याजवळ शुद्ध पाण्याचे यंत्र बसवावयाचे आहे. वीस लिटरच्या कॅनला पाच रुपये. नाणी एक, दोन आणि पाचाची चालतील. यंत्राने किती लक्षात ठेवावे? प्रथम वाटते, पडलेले प्रत्येक नाणे. एक व दोनच्या नाण्यांनी पाच रुपये भरण्याच्या आठ रीती आहेत. (छंदःशास्त्र जाणणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. पाच मात्रांच्या रचनाही आठच. हे गणित हेमचंद्राने बाराव्या शतकात मांडले होते.) पाचाचे एकच नाणे ही नववी रीत. परंतु यंत्राला या रीतींशी कर्तव्य नाही. आधी दोन मग एक आले काय, की एकेक करून तीन आले काय, जमा तीनच, आणि पुढचे वर्तनही एकच. म्हणून कागदावर सहा वर्तुळे पुरतात: शून्य, एक, दोन, तीन, चार आणि ‘पाणी चालू’. नाणे पडले की एका वर्तुळातून दुसऱ्यात बाण जातो. अशा मर्यादित अवस्थांच्या यंत्राची रीतसर मांडणी जॉर्ज मीली यांनी १९५५ साली व एडवर्ड मूर यांनी १९५६ साली केली.

खरी गंमत, आणि खरी जबाबदारी, बाणांत आहे. नाण्यांचे तीन प्रकार, ‘पैसे परत’ची कळ, टाकी रिकामी होणे आणि वीज जाणे, अशा सहा घटना धरल्या तर सहा अवस्थांचा तक्ता छत्तीस घरांचा होतो. प्रत्येक घरात उत्तर हवे. चार जमा असताना दोनाचे नाणे पडले तर पाणी देऊन एक रुपया परत करावा, की नाणेच परत टाकावे? दोन्ही चालेल, पण आधी ठरले पाहिजे. पाणी चालू असता कोणी नाणे टाकले तर? तीन रुपये जमा असताना वीज गेली तर? आमच्या भागात ही काही कल्पित अडचण नव्हे. वीज गेली तरी टिकेल अशा स्मृतीत अवस्था लिहिलेली नसेल, तर वीज येताच यंत्र शून्यावर जागे होते आणि रांगेतल्या बाईचे तीन रुपये पेटीत बुडतात. ती यंत्राला दोन धपाटे घालते. दोष यंत्राचा नसतो. तक्त्यातले एक घर कोणी भरलेले नसते. माझ्या मते असे यंत्र विकत घेणाऱ्यांनी रंग आणि हमी पाहण्यापूर्वी हा तक्ता मागून घ्यावा. तो वाचावयास इंजिनियर लागत नाही.

एक गोष्ट मात्र या सहा वर्तुळांकडून मागू नये. दिवसभरात किती कॅन भरले, हे त्यांना सांगता येणार नाही. पाणी दिले की यंत्र शून्यावर येते व मागचे सारे विसरते. वर्तुळे वाढवून शंभरापर्यंत मोजता येईल, हजारापर्यंतही. पण जितकी वर्तुळे, तेथेच मोजणी थांबते. म्हणून एकूण आकड्यासाठी निराळा गणक जोडतात, आणि संध्याकाळी पेटीतली नाणी त्याच्याशी ताडून पाहण्याचे काम माणसाकडेच राहते.