बाकाच्या दोन भेगा

वाईजवळच्या आमच्या शेतघरापुढचा सागवानी बाक बारा महिने उघड्यावर असतो. त्याला दोन भेगा गेल्या होत्या, एक पुढच्या पायाला आणि एक बैठकीच्या जाड फळीला. गावातले सुतारकाका आले. पिशवी न उघडता त्यांनी आधी भेगांवरून नख फिरवलं, पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "पाय मोडलाय. फळी नुसती वाळलीय. दोघांचं काम वेगळं."

सगळी मेख इथेच आहे. लाकूड लांबीत जवळपास आटत नाही; आटतं ते आडवं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. ओला साग पूर्ण वाळला की वर्तुळांच्या अंगाने सुमारे ५.८ टक्के आटतो, गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के. या ओढाताणीत फळी रेषेरेषेने उलते. साग तसा शांत लाकडांपैकी, तरी उघड्यावरची फळी चैत्रात आटते आणि श्रावणात फुगते. अशा भेगेत कडक पुट्टी ठासली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरत नाही आणि भेग पुढे सरकते. तरीही घरोघरी पहिला हात पुट्टीलाच जातो, याचं मला वाईट वाटतं.

पायाच्या भेगेत काकांनी बारीक पाचर घालून ती किंचित उघडली. करवतीच्या पात्याने आतली माती खरवडली, सायकलच्या पंपाने फुंकून काढली. मग ॲसिटोनमध्ये भिजवलेली चिंधी पात्यावर गुंडाळून आत फिरवली. सागाच्या अंगात तेल असतं. ते पुसल्याशिवाय कुठलाच गम नीट धरत नाही. साधा पांढरा फेविकॉल पाण्याने सुटतो, म्हणून इथे अराल्डाइट. दोन्ही नळ्यांतला माल फरशीच्या तुकड्यावर सारखा घेऊन, रंग एकजीव होईपर्यंत घोटला. भेगेच्या खालच्या तोंडाला चिकटपट्टी लावली आणि वरून पत्त्याच्या कडेने गम आत ढकलत राहिले. पाचर काढल्यावर दुसऱ्या बाजूनेही गमाची बारीक रेघ उमटली, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. शिकंजा मात्र बेताने आवळला. फार आवळला तर गम सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. बाक रात्रभर सावलीत तसाच ठेवला.

फळीची भेग त्यांनी साफ केली आणि उघडीच ठेवली. ती पुढे फाटू नये म्हणून खालून स्टेनलेस स्टीलची आडवी पट्टी बसवली. साधं लोखंड गंजून फुगतं आणि सागाला काळे डागही पाडतं. पट्टीचं मधलं भोक गोल होतं, कडेची दोन कानशीने लांबट केलेली. मधला स्क्रू घट्ट पिळला. कडेचे जेमतेम टेकवले, म्हणजे फळीला आडवं सरकता येतं. पट्टी जागच्या जागी जखडली असती, तर फळी दुसरीकडे उलली असती.

फळीच्या दोन्ही टोकांना काकांनी वॉर्निशचे तीन हात दिले, कारण लाकूड पाणी सगळ्यात जास्त टोकातून पितं. पायाच्या सांध्यावरही तेच फिरवलं. उघडा अराल्डाइट उन्हाने पिवळा पडून कमजोर होतो. ते वॉर्निश आता दरवर्षी पावसाच्या तोंडावर आम्हाला द्यायचं आहे.