ऋतुमान आणि मोटारीचे टायर

दिवाळीच्या पाडव्याला नवी मोटार दाराशी आणावी, तिच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखावे आणि चाकांखाली लिंबे ठेवून ती पहिल्यांदा पुढे घ्यावी, हा प्रघात आता सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यासारख्या गावातही चांगला रुळला आहे. परंतु ज्या चाकांखाली ती लिंबे चिरडली जातात त्या चाकांच्या कडेवर कोणता मजकूर कोरलेला आहे, तो वाचून पाहण्याची तसदी घेणारा कास्तकार मात्र अद्याप विरळा. रंग, पडद्याची लांबीरुंदी, सनरूफ आणि बँकेचा हप्ता यांवर शोरूममध्ये तासन्‌तास वाटाघाटी चालतात, आणि टायर हे जणू मोटारीबरोबर निसर्गतःच उगवून आलेले असावेत अशा समजुतीने त्यांच्याविषयी अवाक्षरही निघत नाही.

युरोपच्या उत्तरेकडील मुलखात ही उदासीनता परवडण्यासारखी नाही. फिनलंडमधील एका रबर कारखान्याने 1934 मध्ये बर्फाळ रस्त्यांवर धावणाऱ्या मालमोटारींसाठी आणि 1936 मध्ये लहान मोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार केले, तेव्हापासून तिकडे ऋतूगणिक चाके बदलण्याची चाल पडत गेली आणि पुढे अनेक देशांत तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. जर्मनीत रस्ता बर्फाळ असताना हिवाळी टायरांवाचून मोटार चालविणे 2010 पासून स्पष्टपणे दंडनीय आहे, आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च ही मुदतच कायद्याने नेमून दिली आहे. स्टुटगार्ट वा म्युनिकला नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच ऑक्टोबरात गॅरेजची वेळ ठरवावी लागते. काढलेली उन्हाळी चाके ईस्टरपर्यंत फी घेऊन सांभाळणारी गोदामेही तेथे आहेत. या साऱ्या खटाटोपामागील कारण रबराच्या स्वभावात आहे. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊन रस्त्यावरील पकड सोडू लागते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही लवचिक राहील असे केलेले असते, आणि तीन शिखरांच्या पर्वतात कोरलेली हिमाची चांदणी ही त्याची खूण होय.

आपल्याकडे न्याय उलटा आहे. वैशाखात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या वऱ्हाडात नव्या मोटारीबरोबर मिळणारा टायर हा प्रकृतीने उन्हाळीच असतो, आणि हिवाळी टायर येथे हौसेने आणून बसविलाच, तर तापल्या डांबरावर तो झपाट्याने झिजेल आणि ब्रेक लावल्यावर मोटार नको तितकी लांब जाऊन थांबेल. मनालीपलीकडे, अटल बोगद्यापुढे बर्फात जाऊ इच्छिणाऱ्या हौशी प्रवाशाने चाकांना साखळ्या बांधाव्यात. सोनाळ्याहून अंबाबरवा अभयारण्याच्या वाटेला लागणाऱ्यास पौषातही त्यांची गरज नाही. तथापि ऋतू तीन असूनही चाकांना ऋतुमान नाही असा निष्कर्ष यातून कोणी काढील, तर तो चुकेल. कारण आपल्याकडे चाकांचा पहिला वैरी ऊन आणि दुसरा पाऊस, आणि दुसऱ्याने गाठण्यापूर्वी पहिल्याने अर्धे काम करून ठेवलेले असते.

टायर झिजतो तसा तो म्हाताराही होतो, ही गोष्ट आपल्या हिशेबात फारशी धरली जात नाही. सोनाळ्यातील मोटार शेगावचे दर्शन, अकोट-खामगावचा बाजार, अकोल्याचा दवाखाना आणि लग्नकार्ये एवढ्यापुरती धावते आणि उरलेला काळ बहुधा अंगणात उन्हातच उभी असते. त्यामुळे पाच-सहा वर्षांनीही टायरची नक्षी शाबूत दिसते आणि मालक काटकसरीचे समाधान मानतो, परंतु प्राणवायू, ओझोन आणि उष्णता यांनी आतले रबर तोवर ठिसूळ होत आलेले असते. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने 2007 मध्ये तेथील संसदेस सादर केलेल्या अहवालात एका विमा कंपनीच्या दप्तराचा दाखला आहे: टेक्सास, ॲरिझोना यांसारख्या पाच उष्ण राज्यांत तिचे 27 टक्के विमेदार होते, पण टायरविषयक दाव्यांपैकी 77 टक्के तेथून आले, आणि त्यांतले 84 टक्के सहा वर्षांहून जुन्या टायरांचे होते. यास्तव मोटार ताब्यात घेतानाच टायरच्या कडेवरील लंबवर्तुळातले चार अंक वाचावेत; 2125 असे असल्यास तो टायर 2025 सालच्या एकविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. पाचही टायरांचे अंक कागदपत्रांच्या फाइलीत नोंदवून ठेवावेत. पाचवी म्हणजे स्टेपनी, जी न वापरताच म्हातारी होते आणि नेमकी रात्री, जंगलाच्या रस्त्यावर, आपले वय सांगते.

उष्णतेला साथ मिळते ती कमी हवेची. हवा कमी असलेल्या टायरची कूस, म्हणजे कडेची भिंत, प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, त्या सततच्या घड्यांनी आत उष्णता साठते, आणि भरीला वेग व ओझे असेल तर पोलादी तारांचे पट्टे रबरापासून सुटू लागतात. 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीवरील लाखो टायर परत मागविले, त्या प्रकरणात टायरची घडण, 26 पौंड इतका कमी ठरविलेला दाब आणि उष्ण हवामान या तिहींची चर्चा झाली, आणि त्यातून आलेल्या कायद्यामुळे हवेचा दाब घटल्याची सूचना चालकास देणारी यंत्रणा तेथील नव्या मोटारींत सक्तीची झाली. आपल्याकडे हिशेब सोपा आहे. मे महिन्याच्या दुपारी 45 अंशांत भरलेली 33 पौंड हवा, कोठेही गळती नसता, डिसेंबरच्या 12 अंशांच्या पहाटे 28 पौंडांच्या आसपास उतरते. म्हणून हवा सकाळी, चाके थंड असताना, ऋतू पालटला की न चुकता आणि एरवी पंधरा दिवसांनी तपासावी. दूरच्या प्रवासात तापलेल्या टायरचा दाब वाढलेला पाहून हवा सोडणारे सद्‌गृहस्थ स्वतःच्या हाताने संकट मागून घेतात. नायट्रोजन भरण्यास हरकत नाही, पण नियमित तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही.

हा विषय सोनाळ्याच्या बुलढाणा जिल्ह्यात केवळ पुस्तकी राहिलेला नाही. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, आणि 120 किलोमीटरच्या वेगाची अनुज्ञा असलेल्या काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर गावाकडच्या मोटारी प्रथमच तासन्‌तास एका गतीने धावू लागल्या. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस जळून 25 प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन खात्याच्या तपासणीत त्यास पुष्टी मिळाली नाही. प्रत्येक अपघाताचा बोजा टायरवर टाकून मोकळे होण्याची आपली सवय यातून उघड झाली, हे खरे. परंतु गोटा झालेले टायर घेऊन या रस्त्यावर चढणाऱ्या मोटारी थोड्या नव्हेत, हेही तितकेच खरे.

आता पाऊस. टायरच्या खाचांचे प्रयोजन कोरड्या रस्त्यावर जवळजवळ नसतेच. त्या पाणी बाजूला सारण्यासाठी आहेत. नव्या टायरवर त्यांची खोली सुमारे 8 मिलिमीटर असते, आणि खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे छोटे बांध मुद्दाम ठेवलेले असतात, ज्यांच्या पातळीला रबर आले की टायरची मुदत संपली. माझ्या मते वऱ्हाडातल्या मोटारवाल्याने ही सीमा पावसाळ्यासाठी मान्य करू नये. खोली 3 मिलिमीटरवर आली की टायर बदलावा. अमेरिकेच्या नासा या संस्थेने 1963 मध्ये विमानांच्या चाकांवरून एक सूत्र सिद्ध केले, त्यानुसार 33 पौंड हवा असलेला गुळगुळीत टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे 96 किलोमीटर वेगाला तरंगू लागतो, आणि हवा 25 पौंड असेल तर 83 लाच. त्यानंतर सुकाणू फिरवून उपयोग नसतो. त्यातच शेतातून आलेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर टाकलेली काळ्या मातीची पेंड पहिल्या सरीने भिजली की रस्ता साबणासारखा होतो. म्हणून आपल्याकडे टायर बदलण्याचा खरा ऋतू रोहिणी नक्षत्राचा, म्हणजे 25 मेपासून मृग लागेपर्यंतचा. कपाशीच्या बियाण्याची खरेदी होते त्याच पंधरवड्यात हाही व्यवहार उरकावा.

नव्या मोटारीच्या खरेदीत आणखी एक विवेक दाखवावा लागतो. स्विफ्ट गाडीच्या साध्या प्रतीला 165/80 आर 14 आणि महागड्या प्रतीला 185/65 आर 15 असे टायर येतात. पहिला अंक रुंदीचा, दुसरा रुंदीच्या प्रमाणात कुशीच्या उंचीचा, तिसरा रिमच्या इंची व्यासाचा. गुणाकार केल्यास दोन्ही चाकांचा बाहेरील व्यास 620 मिलिमीटरच्या आसपास येतो, पण साध्याची कूस 132 आणि महागड्याची 120 मिलिमीटर भरते. ज्याला रोज पांदणीतून संत्र्याच्या बागेकडे जायचे आहे, त्याला त्या 12 मिलिमीटर रबराचे मोल चकचकीत अलॉयहून अधिक वाटावे. त्याहून मोठी रिम बाहेरून बसवून घेण्याचा मोह तर साफ टाळावा. खड्ड्यात कुशीला फुगा येतो आणि असा टायर कोणताही पंक्चरवाला प्रामाणिकपणे दुरुस्त करू शकत नाही.

बदलताना दोनच टायर घ्यावयाचे असतील तर ते मागे बसवावेत, हे ऐकून बहुतेक लोक चकित होतात. पुढचे चाक घसरले तर चालकाला कळते आणि वेग कमी करता येतो. मागचे घसरले की मोटार स्वतःभोवती फिरते. नवे टायर बसविताना वॉल्व्हही नवे घ्यावेत, बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावे, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावे, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला लेप निघून जाण्यास तेवढे अंतर लागते.

उतरलेल्या टायरांना दुकानदार काही रक्कम देतो आणि त्यांपैकी बरे दिसणारे दुसऱ्या कोणाच्या मोटारीवर चढतात. हे टाळावे. त्याऐवजी ते रबराच्या चाकांच्या बैलगाडीला द्यावेत. माप जुळले तर बैलाच्या चालीने जाणाऱ्या त्या गाडीत टायर तापत नाही, आणि महामार्गाला अपात्र ठरलेले रबर कापसाची गाठोडी जिनिंगपर्यंत वाहण्यास आणखी काही हंगाम पुरते.