पुरिम : मराठी ज्यूंचा ‘होळीचा सण’ समजून घेऊ या



विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात अनेक समाजांची मुले-मुली शिकतात. समजा, उद्या वर्गात एखादी ज्यू विद्यार्थिनी आली आणि म्हणाली, “पुरिमला जेवायला या,” तर? आपल्यापैकी अनेकांनी हा शब्दही ऐकलेला नसेल. ज्यू म्हटले की आपल्याला परदेशच आठवतो. पण महाराष्ट्रातील ज्यू मराठीच बोलतात.

शनिवार तेली

त्यांना बेने इस्रायल म्हणतात. जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली.

त्यांच्या सणांची नावेही मराठीच होती. वालाचे बिरडे खायचा तो बिरड्याचा सण, आणि पुरिम म्हणजे ‘होळीचा सण’. दोन्ही सण बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेच्या सुमारास येतात, म्हणून हे नाव पडले. होलिकेच्या कथेशी मात्र पुरिमचा संबंध नाही.

पुरिमची कथा

कथा प्राचीन इराणातील आहे. राजाचा प्रधान हामान याच्यापुढे सगळ्यांनी वाकावे, असा हुकूम होता. मर्दखय नावाच्या ज्यूने वाकायला नकार दिला. चिडलेल्या हामानाने चिठ्ठ्या टाकून दिवस ठरवला आणि त्या दिवशी राज्यातील सर्व ज्यूंना मारण्याचे फर्मान काढले. ‘पूर’ म्हणजे चिठ्ठी, त्यावरून पुरिम. मर्दखयची चुलत बहीण एस्तेर राणी होती. ती ज्यू असल्याचे राजाला माहीत नव्हते. बोलावणे नसताना राजासमोर जाण्याची शिक्षा मृत्यू होती. तरीही ती गेली, आपली ओळख सांगितली आणि समाज वाचवला.

हिब्रू भाषेतील या ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही. ही कथा जशीच्या तशी इतिहास आहे असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. ग्रंथाच्या शेवटी ज्यूंनी शत्रूंची मोठी कत्तल केल्याचेही लिहिले आहे. ते आपण झाकून ठेवू नये. अनेक ज्यूंनाही तो भाग अस्वस्थ करतो.

सण कसा होतो?

संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एस्तेरचा ग्रंथ वाचतात. हामानाचे नाव आले की मुले पाय आपटतात, खुळखुळे वाजवतात, ते नाव ऐकूच येऊ देत नाहीत. वाचनाशिवाय तीन गोष्टी करायच्या असतात : मित्राला खाण्याचे ताट पाठवणे, किमान दोन गरिबांना दान देणे आणि एकत्र जेवणे.

सामूहिक प्रार्थनेला परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष लागतात. त्यांची प्रार्थनास्थळे मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडमध्ये आहेत. पुण्याच्या ‘लाल देवळा’पर्यंत नांदेडहून रात्रभराचा प्रवास आहे. म्हणजे इथे एकट्या असलेल्या विद्यार्थिनीला प्रार्थनेला समाज मिळणार नाही. पण ताट, दान आणि जेवण मित्रांसोबत होऊ शकते.

आपला वाटा

जेवणात डुकराचे मांस नको आणि मांसासोबत दूध-दही नको. साधे शाकाहारी जेवण सगळ्यांत सोपे. पुरिमला काही ठिकाणी मद्य घेतात, पण पंचशील पाळणारा मित्र सरबतावर थांबला तरी सणात काही उणे होत नाही.

ज्यू धर्म म्हणजे इस्रायलचे सरकार नव्हे. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर ठाम भूमिका जरूर घ्यावी, पण त्या सरकारच्या कृत्यांचा जाब वर्गमैत्रिणीला विचारू नये.

भेद तिथेही होता

बेने इस्रायलींमध्येही ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. दोघांत बेटीव्यवहार होत नसे. पुढे जे इस्रायलला गेले, त्यांच्या वाट्यालाही भेदभाव आला. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. या मराठी ज्यूंनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले.

‘घेटो’ हा शब्द मूळचा व्हेनिसमधल्या ज्यूंच्या वस्तीचा. १५१६ मध्ये तिथे ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडले गेले. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरील आपल्या लेखनाच्या शीर्षकातच हा शब्द वापरला आहे. गावाबाहेरच्या वस्तीची आठवण असलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ मध्ये ते पाच हजारांहून कमी उरले. इतक्या लहान समाजातील कुणी मुलगी शिकायला एकटीच दूर आली, तर तिचा सण वसतिगृहातल्या मित्रांवर अवलंबून असतो. म्हणून ती ताट घेऊन आली तर ते घ्यावे, आपल्याकडचे काही त्यात घालून परत द्यावे, आणि हामानाचे नाव आले की तिच्यासोबत आपणही पाय आपटावेत.